विझार्डसाठी रेस: चिलखतवाला ड्वार्फ, जन्मजात कासव आणि बिचारी एल्फ (डी अँड डी, सांगली)

विश्रामबागचा_डीएम

मंडळी नमस्कार. मागे बोर्डगेमच्या धाग्यावर चारपाच जणांनी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळतो म्हणून हात वर केले होते, त्यांच्या भरवशावर हा धागा काढतोय. ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची, एकजण डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, नियम बघणारा आणि शिव्या खाणारा, बाकीचे एकेक पात्र घेतात, मी हे करतो ते करतो म्हणून सांगतात आणि जमलं का नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

तर आमचं त्रांगडं असं आहे. नवीन कॅम्पेन सुरू करतोय, पाचवी आवृत्ती, २०१४ चं प्लेयर्स हँडबुक आणि जोडीला २०२० चं टाशाचं पुस्तक (त्यात रेसचे बोनस हव्या त्या गुणाला हलवता येतात). पाच खेळाडू, त्यातल्या तिघांना विझार्ड म्हणजे जादूगारच पाहिजे. (मागच्या वेळी सगळ्यांना तलवारवाले पाहिजे होते आणि कुलूप उघडायला कोणी नव्हतं, आमच्याकडे हे असंच चालतं.) रेस म्हणजे पात्राची जमात, त्यात मिरजेच्या भावाने माउंटन ड्वार्फ म्हणजे डोंगरी बुटका घेतलाय, कुपवाडच्याने टॉर्टल म्हणजे दोन पायांवर चालणारं कासव, आणि ग्रुपमधे नवीन आलेल्या ताईंनी हाय एल्फ.

आता विझार्ड म्हणजे मुळात काडीपैलवान. हिट पॉइंटला (किती मार सोसतो त्याला) डी६ म्हणजे सहा बाजूंचा फासा, चिलखत वापरता येत नाही, पहिल्या लेव्हलला स्पेल स्लॉट म्हणजे दिवसभरात मंत्र टाकायच्या पाळ्या दोन. ड्वार्फला मात्र रेसमधूनच हलकं आणि मध्यम चिलखत वापरायचं शिक्षण फुकट. भावाने तयार सामान घेण्याऐवजी सोन्याच्या नाण्यांसाठी फासे टाकले, ४डी४ (चार बाजूंचे चार फासे) गुणिले १०, नशीब बघा, १३० आले. ५० ची स्पेलबुक, २५ चं साहित्याचं पाकीट, ५० चं स्केल मेल, उरलेली ५ नाणी खिशात टाकून साहेब तयार, एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १६. कासवाला तर खर्चच नाही, जन्मतः पाठीवर एसी १७. ताईंची एल्फ, डेक्स म्हणजे चपळाई १६, एसी १३.

परवा ओळख व्हावी म्हणून एक छोटी मारामारी लावली. घाटातली वळणाची वाट, वर झुडपात गोब्लिन, हातात धनुष्य, नेमाला +४. एल्फवर बाण सोडला, फाशावर ११, म्हणजे १५, लागला, ६ डॅमेज. पुढचा बाण ड्वार्फवर, फाशावर परत ११, तोच १५, चिलखतावर टण्णकन आपटून खाली. तिसरा परत एल्फवर, लागला, ४. ताईंचे हिट पॉइंट सगळे मिळून ८. स्लीप हा झोपवायचा मंत्र टाकायला दोन्ही स्लॉट राखून ठेवले होते, एकही न वापरता आडव्या. काही बोलल्या नाहीत, पण पुढचा अर्धा तास त्यांनी मोबाईल बघितला आणि डीएमला एवढं कळतं.

कुणालाही बॅन करायचं नाहीये. माझं मत असं की विझार्डला रेसमधून काय मिळतं हे मोजताना इंटेलिजन्सचा (विझार्डची जादू याच गुणावर चालते) बोनस बघणं फसवं आहे. विझार्डची कुठली दुखणी ती रेस फुकटात बरी करते ते बघायला पाहिजे आणि मोल तिथे लावायला पाहिजे. पण ते लावायचं कसं यावर अडलोय. तुमच्याकडे काय करता?

चिंतातुर_जंतू

सरळ नियम करा, फक्त हँडबुकातल्या रेस आणि टाशा बंद. कासव गेलं, ड्वार्फचं इंटेलिजन्स पंधरावर अडकलं, विषय संपला. एवढा मोठा धागा कशाला.

भडंगप्रेमी

मला यातलं ओ की ठो कळलं नाही पण कासव विझार्ड वाचून चहा नाकातून आला. पॉपकॉर्नऐवजी भडंग घेऊन बसलोय, चालू द्या.

गणिताचा_मास्तर

चिंतातुर, तुमचा उपाय चुकीच्या जागी मलम लावतोय. आकडे मांडतो म्हणजे दिसेल.

२७ पॉइंटमधे स्टॅट म्हणजे पात्राचे गुण विकत घेतले तर रेसचा बोनस लागायच्या आधी जास्तीत जास्त १५. ड्वार्फचा बोनस स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशनला (ताकद आणि काटकपणा), म्हणजे टाशा नसेल तर इंटेलिजन्स १५, मॉडिफायर म्हणजे फाशात मिळवायचा आकडा +२. हाय एल्फला इंटेलिजन्सला +१, म्हणजे १६ आणि मॉडिफायर +३. फरक एकाचा. पहिल्या लेव्हलला एकाचा सेव्ह डीसी (जादू चुकवायला, म्हणजे सेव्हला, शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १२ आणि दुसरीचा १३. डी२० वर एक म्हणजे ५ टक्के.

आता पाचव्या लेव्हलचा फायरबॉल घ्या आणि हा एकाचा फरक तोवर तसाच राहिला असं धरा. ८डी६, सरासरी २८, सेव्ह झाला तर निम्मं म्हणजे १४. सेव्ह होणं न होणं यातला फरक १४ चा, त्याचे ५ टक्के म्हणजे ०.७. एका शत्रूमागे एक हिट पॉइंटसुद्धा नाही! शिवाय चौथ्या लेव्हलला दोन पॉइंट मिळतात, ड्वार्फ ते इंटेलिजन्सला टाकून १७ वर जातो, मॉडिफायर +३ होतो. थोडं नुकसान होतं, तयार ठेवायचा एक स्पेल कमी पडतो, एखाद्या वेळी सेव्ह हुकतो, पण ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता दुसरी बाजू. नेमाला +४ असलेला गोब्लिन एसी १३ ला ६० टक्के वेळा लागतो, १६ ला ४५ आणि १७ ला ४०. पहिल्या लेव्हलला ८ हिट पॉइंट असताना ६० आणि ४० यात जगणं-मरणं आहे. त्यावर शील्ड स्पेल टाकला की आणखी +५, कासव बावीसवर जातं आणि गोब्लिनला अठरा किंवा वर पाडावे लागतात, म्हणजे १५ टक्के. त्यामुळे टाशा काढून घेतलात तरी ड्वार्फचं फारसं बिघडत नाही, आणि ताई होत्या तिथेच राहतात. धागाकर्ते बरोबर बोलतायत.

पोवई_नाका

साताऱ्याहून. मास्तरांशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. एल्फ एसी १३ का होती? मेज आर्मर हा जादूच्या चिलखताचा मंत्र घेतला नव्हता का? तो टाकला की १३ अधिक डेक्स, म्हणजे त्यांचा १६. स्केल मेलवाल्या ड्वार्फएवढाच. आठ तास टिकतो, टिकवायला एकाग्रता लागत नाही, म्हणजे मार बसला तरी तुटत नाही.

विश्रामबागचा_डीएम

स्पेलबुकात आहे त्यांच्या. पण पहिल्या लेव्हलला स्लॉट दोनच, एक मेज आर्मरला गेला की उरला एक. आर्केन रिकव्हरीने दिवसात एक परत येतो, तोसुद्धा शॉर्ट रेस्ट म्हणजे छोटी विश्रांती झाल्यावर. नवीन माणूस स्लीप सोडून मेज आर्मर टाकत नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही टाकला नसता.

पोवई_नाका

तेच तर म्हणतोय, तुमचा प्रश्न एसीचा नाहीच, स्लॉटचा आहे. ड्वार्फला आणि कासवाला जे मिळालंय त्याची किंमत रोज पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट. पहिल्या लेव्हलला तो दोनातला एक, म्हणजे निम्मी जादू. पाचव्या लेव्हलला स्लॉट होतात ४, ३ आणि २, एकूण नऊ, त्यातला सगळ्यात स्वस्तातला एक गेला तर कोण विचारतंय. म्हणजे हा फायदा सुरुवातीला डोंगराएवढा असतो आणि पुढे आपोआप विरघळतो. तुम्ही आत्ता ड्वार्फवर कायमचं काही बंधन घातलंत तर पाचव्या लेव्हलला तोच बिचारा मागे पडेल आणि मग त्याचा धागा निघेल.

आमच्या टेबलावर नोम (आणखी एक बुटकी जमात) विझार्ड आहे, तो मला या दोघांपेक्षा जास्त छळतो. विझार्डला इंटेलिजन्स आणि विज्डमच्या सेव्हला क्लास म्हणजे पेशामधूनच प्रॉफिशियन्सी, म्हणजे सरावाचा बोनस. त्यावर नोमला जादूविरुद्ध इंटेलिजन्स, विज्डम, करिश्मा तिन्ही सेव्हला ॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. त्याला मोहिनी घालणं, पळवून लावणं, खिळवून ठेवणं, काहीच धड लागत नाही. युआन-टी म्हणजे सापमाणसं त्याहून वाईट, २०१६ च्या पुस्तकात त्यांना स्पेलच नाही तर कुठल्याही जादुई परिणामाविरुद्ध ॲडव्हान्टेज आणि वर विष अजिबात चढत नाही. २०२२ च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच ते फक्त स्पेलपुरतं केलं आणि विषाचंही कमी केलं, म्हणजे तिकडेही कुणाच्या तरी लक्षात आलं. आणि हा फायदा चिलखतासारखा विरघळत नाही, उलट लेव्हल वाढेल तसे शत्रू जास्त जादू करतात म्हणून वाढत जातो.

मग मी जादूगार शत्रू कमी केले का? नाही. त्याला विचारी शत्रू दिले जे त्याच्यावर जादू वाया घालवत नाहीत, सरळ जाऊन मानगूट धरतात. नोमची स्ट्रेंग्थ ८ आहे.

मिरजेचा_बुटका

आला का माझा विषय इथंपर्यंत. डीएमसाहेब, गच्चीवर समोर बसून बोलायचं सोडून धागा? :) असो.

माझी बाजू ऐका की. मी स्केल मेल घातलंय म्हणून मला लपायला डिसॲडव्हान्टेज आहे ते कोण मोजणार? माझा वेग २५ फूट, बाकीचे ३० ने पळतात, मागच्याला वाघ खातो ते मलाच. पुढे हाफ प्लेट हे आणखी चांगलं चिलखत घ्यायचं म्हटलं तर ७५० नाणी. स्पेलबुकात नवीन स्पेल उतरवायला लेव्हलमागे ५० नाणी, म्हणजे त्या पैशात तिसऱ्या लेव्हलचे पाच स्पेल येतात. मी एकतर चिलखत घेईन नाहीतर फायरबॉल, हेस्ट, फ्लाय हे मंत्र. आणि रात्री चिलखत घालून झोपलो तर २०१७ च्या पुस्तकातल्या नियमाने हिट डाइस म्हणजे जखमा भरायचे फासे पावच परत येतात, काढून झोपलो तर परत घालायला ५ मिनिटं, तोवर राक्षस जेवून हात धुऊन जातो. एल्फ ताई चार तास ध्यानाला बसतात, आजूबाजूचं भान असतं त्यांना, झोपेचा स्पेल त्यांच्यावर चालत नाही, त्याचं काय?

कासवछाप

व्हय व्हय, आणि मला रात्री दिसत नाही. ड्वार्फ, एल्फ, नोम सगळ्यांना अंधारात दिसतंय, कासवाला नाही. मला मशाल धरून चालावं लागतंय आणि मशाल धरणाऱ्यावर पहिला बाण येतोय, लई सोपं वाटतंय काय तुम्हाला.

जुनाट_फासे

मंडळी वय झालं म्हणून थोडा इतिहास, कारण हा वाद जुना आहे आणि त्यावरचे बरेच उपाय आधीच करून फसलेत.

१९८१ च्या बेसिक डी अँड डी मधे एल्फ ही रेस नव्हतीच, तोच एक क्लास होता. तलवारही चालवायची आणि जादूही करायची, चिलखत घालून. किंमत काय तर दुसऱ्या लेव्हलला जायला एल्फला ४००० अनुभव पॉइंट, फायटरला २०००, जादूगाराला २५००. आणि एल्फची मर्यादा दहावी लेव्हल. ॲडव्हान्स्ड डी अँड डी च्या १९७८ च्या हँडबुकात एल्फ मॅजिक-युजर म्हणजे जादूगार जास्तीत जास्त अकराव्या लेव्हलपर्यंत, हाफ-एल्फ आठव्यापर्यंत, ड्वार्फला जादू नाहीच, नोमला फक्त इल्युजनिस्ट म्हणजे भासांचा जादूगार व्हायची परवानगी. माणसाला मर्यादा नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एल्फची मर्यादा वाढवून १५ केली. खेळाच्या जनकांपैकी एक गॅरी गायगॅक्सने १९७९ च्या डीएम गाइडमधे कारणही दिलंय की जग माणसांचं राहावं, नाहीतर सगळेच एल्फ होऊन बसतील.

कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात काय व्हायचं, सुरुवातीची सगळी वर्षं एल्फ मजा मारायचा आणि त्याची मर्यादा यायच्या आत ग्रुपमधल्या कुणाची तरी पुण्याला नोकरी लागायची नाहीतर लग्न ठरायचं, कॅम्पेन बंद. उद्या द्यायची किंमत कोणीच देत नाही. म्हणून पोवई नाका म्हणतात ते पटलं, फायदा आत्ता असेल तर भरपाईही आत्ता पाहिजे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने मर्यादा काढल्या, त्याऐवजी एल्फला कॉन्स्टिट्यूशन उणे २ आणि माणसाला एक जास्तीचा फीट म्हणजे खास कसब. डेक्स वाढतं पण अंगात जीव नाही, ही मला सगळ्यात प्रामाणिक किंमत वाटायची, पहिल्या बाणापासून जाणवणारी. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तीही गेली.

कॉलेजकट्टा

२०२४ च्या हँडबुकावर जा ना, सगळं सुटतं. स्टॅटचे बोनस रेसमधून काढून बॅकग्राउंड म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यामधे टाकलेत, त्यात सेज म्हणजे विद्वान घेतला की इंटेलिजन्स कुठल्याही रेसला. ड्वार्फची चिलखताची ट्रेनिंगच काढली, त्याऐवजी प्रत्येक लेव्हलला एक हिट पॉइंट जास्त. नोमचा वेग ३० झाला. हाय एल्फला तिसऱ्या लेव्हलला डिटेक्ट मॅजिक, पाचव्याला मिस्टी स्टेप हे मंत्र, आणि कॅन्ट्रिप म्हणजे स्लॉट न लागणारा छोटा मंत्र रोज सकाळी बदलता येते. टेबलावर भांडण संपलं.

चिंतातुर_जंतू

नवीन पुस्तकं पाचजणांनी विकत घ्यायची? तुमच्या कॉलेजकट्ट्यावर पैसे उगवतात का?

कॉलेजकट्टा

काका फुकटातले बेसिक नियम ऑनलाइन आहेत की. हलके घ्या.

सुरांची_बार्ड

अवांतर: मिरजेत राहून, जिथे तंबोरे आणि सतारी बनतात तिथे राहून, पाचातला एकही बार्ड म्हणजे गाण्यातून जादू करणारा नाही याचा मी जाहीर निषेध करते. सांगली नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे सीता स्वयंवर केलं, आणि तुम्ही तिघे चष्मिष्ट जादूगार घेऊन बसलात. बार्डला हीट मेटल मिळतो बरं का, ड्वार्फबुवा.

मास्तरांचा_विद्यार्थी

हीट मेटल! हा घ्या उपाय. धातूचं चिलखत तापवायचं, दरवेळी २डी८, सरासरी ९. मध्यम चिलखत काढायला एक मिनिट आणि स्पेलही टिकतो एक मिनिट. ड्वार्फ शिजलाच. नाहीतर रस्ट मॉन्स्टर सोडा, मिशी लावली की चिलखताला गंज.

मिरजेचा_बुटका

अरे वा. म्हणजे आता दर रविवारी प्रत्येक गुहेत एक बार्ड फक्त माझी वाट बघत बसलेला असणार.

पोवई_नाका

बुटका भाऊंशी शंभर टक्के सहमत. वर्षात एखादा रस्ट मॉन्स्टर ठीक, त्याची गोष्ट होते. दर वेळी आला तर तो डूख धरणं झालं. ज्याने विचार करून पात्र बांधलं त्याला त्याची मजा मिळाली पाहिजे, बाण टण्णकन आपटून पडले पाहिजेत कधीकधी. जत्रेतल्या कुस्तीत पंच जोड बघून लावतात, मोठ्या पैलवानाचे पाय बांधत नाहीत. डीएमचं कामही जोड लावायचं. त्याच गोब्लिनांत दोघे ड्वार्फशी भिडणारे घ्या आणि एकाला मागून कासवापाशी पाठवा. आणि हो, कासवाचं डेक्स किती?

कासवछाप

१०. इंटेलिजन्स १७, कॉन १६ टाशाने. एसीला डेक्स लागत नाही मग कशाला टाकायचं तिथे.

पोवई_नाका

मग डीएमसाहेब तुमचं निम्मं काम कासवाने स्वतःच केलंय. इनिशिएटिव्ह म्हणजे कुणाची पाळी आधी ते ठरवणारा बोनस शून्य. विझार्डसाठी आधी खेळायला मिळणं सोन्याचं, कारण सगळे एकत्र असताना, आपली माणसं मधे घुसायच्या आत वेब म्हणजे जादूचं जाळं किंवा फायरबॉल टाकला तर त्याची मजा. कासवाची पाळी येईपर्यंत फायटर शत्रूंच्या गराड्यात उभा असतो. एल्फचा इनिशिएटिव्ह +३, ती पहिली. शिवाय आगीचे, विजेचे, दरड कोसळायचे सेव्ह सगळे डेक्सवर, कवच तिथे कामाचं नाही. तुमच्या घाटात चार दरडी पाडा.

गणिताचा_मास्तर

कासवाची खरी भीती वेगळीच आहे, ती आत्ताच सांगून ठेवतो. दुसऱ्या लेव्हलला त्याने ब्लेडसिंगर ही विझार्डची तलवारवाली शाखा घेतली तर ब्लेडसाँग ही तिची खास जादू चालू असताना एसीत इंटेलिजन्स मॉडिफायर मिळवायचा. २०१५ ला हे फक्त एल्फ आणि हाफ-एल्फसाठी होतं, टाशाने सगळ्यांना मोकळं केलं. मध्यम चिलखतात चालत नाही, म्हणून ड्वार्फ बाद. पण कवच म्हणजे घातलेलं चिलखत नव्हे. १७ अधिक ३, वीस. शील्ड टाकला की २५. दुसऱ्या लेव्हलला! गोब्लिनचा फाशावर खुद्द २० पडल्याशिवाय बाणच लागत नाही.

कासवछाप

मास्तर, कुणी विचारलं होतं का तुम्हाला? लई शांतपणे प्लॅन चालला होता माझा.

भडंगप्रेमी

मेलो हसून. आयर्विन पुलाला पाणी ४५ फुटांच्या वर जाऊ दे, धोक्याची पातळी ओलांडू दे, हे कासव निवांत ब्लेडसाँग म्हणत बसलेलं.

कासवछाप

एक तास श्वास रोखता येतो मला, नियमातच आहे. ब्लेडसाँग काय, आख्खी मैफल करीन.

एल्फीण

नमस्कार, मीच ती बिचारी एल्फ. दादा, धागा माझ्याविषयी आहे तर लिंक मला पण पाठवायची होती, मला बुटक्याने पाठवली.

पहिली गोष्ट, मोबाईल बघत होते कारण बँकेतून क्लोजिंगचे मेसेज येत होते. दुसरी गोष्ट, हो, वाईट वाटलं, पण एसीचं नाही. वाईट याचं वाटलं की मी एल्फ का घेतली हे कुणी विचारलंच नाही. मला नजर तीक्ष्ण असलेली, रात्री सगळे झोपलेले असताना जागी असणारी, धनुष्यही येणारी बाई पाहिजे होती. शीटवर पर्सेप्शन म्हणजे नजरेची प्रॉफिशियन्सी आहे, लाँगबो आहे, जास्तीची एक कॅन्ट्रिप आहे. घाटात गोब्लिन झुडपात लपले होते ना, मग ते मला आधी दिसायला नको होते का? तुम्ही सगळ्यांसाठी एकच पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता सहज काय दिसतं त्याचा आकडा) धरलं.

ड्वार्फचा फायदा प्रत्येक बाणाला आपोआप चालतो, त्याला काही आठवण करून द्यावी लागत नाही. माझे सगळे फायदे डीएमला आठवले तरच चालतात. अंधारात दिसणं, चार तासांचा आराम, मोहिनीविरुद्ध ॲडव्हान्टेज, यातलं एकही परवा टेबलावर आलंच नाही. मला कुणाचं चिलखत काढून घ्यायचं नाहीये, बुटक्याचं तर अजिबात नाही, मी त्याच्या मागे उभी राहते.

पोवई_नाका

ताई, दंडवत. याच्यापुढे आम्ही काय बोलणार.

गणिताचा_मास्तर

बरोबर मुद्दा आहे आणि माझ्या गणितात तो बसत नव्हता. एल्फच्या फायद्यांना टक्केवारी लावता येत नाही, कारण रात्री हल्ला किती वेळा होणार, मोहिनी घालणारा कधी भेटणार हे पुस्तकात नसतं, ते डीएमच्या वहीत असतं. हॅग म्हणजे चेटकिणीसारखा कुणी मोहिनी घालणारा बॉस आला तर एकाच रात्रीत हिशोब फिटतो. न आला तर एल्फने कोरी पानं विकत घेतली म्हणायचं.

जुनाट_फासे

माणूस विझार्ड कुणी घेतला नाही का? व्हेरियंट ह्युमन, पहिल्याच लेव्हलला वॉर कास्टर फीट, एकाग्रतेच्या सेव्हला ॲडव्हान्टेज. मार बसला की १० किंवा डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असेल तो डीसी, आणि वेब तुटला की सगळी मारामारी फिरते. दुखणी मोजायची तर पहिलं न लागणं, दुसरं लागलं तरी एकाग्रता टिकणं, तिसरं जादूला बळी न पडणं आणि चौथं लांब राहता येणं. या चौथ्यात आराकोक्रा म्हणजे उडणारी पक्षीमाणसं येतात. फ्लाय स्पेल पाचव्या लेव्हलला मिळतो, तोही एकाग्रतेवर, आणि हे २०१५ च्या नियमाने पहिल्या दिवसापासून ५० फुटांनी उडतात. या सगळ्या रेसपैकी हेच मी माझ्या टेबलावर पाचव्या लेव्हलपर्यंत येऊ देत नाही. बाकी सगळं सांभाळता येतं, उडणाऱ्याला जोड लावायची म्हणजे प्रत्येक शत्रूच्या हातात धनुष्य द्यावं लागतं.

विश्रामबागचा_डीएम

सगळ्यांचे आभार. काल रात्री चौघांशी फोनवर बोललो, पाचवा लग्नाला कऱ्हाडला आहे, त्याला तसाही फायटर घ्यायचाय. ठरलं ते असं.

ज्या विझार्डला रेसमधून चिलखत किंवा कवच मिळत नाही त्याला स्पेलबुकात मेज आर्मर असेल तर रोज एकदा स्लॉट न वापरता टाकता येणार. ताईंचा एसी १६, दोन्ही स्लॉट मोकळे. पाचव्या लेव्हलला ही सवलत बंद, कारण तेव्हा नऊ स्लॉट असतात आणि पोवई नाका म्हणतात तसा तोवर फायदा विरघळलेला असतो. बुटक्याचं चिलखत तसंच. फक्त टाशाने बोनस हलवायचा तर माउंटन ड्वार्फलाही बाकीच्यांसारखं +२ आणि +१, दोन्ही +२ नाही. न हलवता स्ट्रेंग्थ आणि कॉनला ठेवले तर पुस्तकाप्रमाणे दोन्ही +२ घे म्हटलं. तो इंटेलिजन्स १७, कॉन १५ वर तयार झाला, थोडा कुरकुरला.

कासव ब्लेडसिंगर होऊ शकतं, पण ब्लेडसाँगमधे एसी वाढणार नाही, बाकीचे फायदे सगळे. कासवाने यावर अर्धा तास वाद घातला आणि बदल्यात डेक्स १० चं १२ करायला दोन पॉइंट मागून घेतले. दिले.

आणि ताईंचं म्हणणं डोक्यात राहिलंय. प्रत्येकाच्या रेसमधून मिळालेल्या, आपोआप न चालणाऱ्या गोष्टी एका कागदावर लिहून डीएमच्या पुठ्ठ्याच्या स्क्रीनला आतून चिकटवल्यात. पुढच्या रविवारी रात्रीचा मुक्काम आहे, एवढंच सांगतो.

चिंतातुर_जंतू

बॅन केलं असतंत तर पाच मिनिटांत झालं असतं.

एल्फीण

रात्रीचा मुक्काम! दादा, पहारा मी देणार, आत्ताच सांगून ठेवते. चार तास.

मिरजेचा_बुटका

मी चिलखत घालून झोपणार का काढून?

विश्रामबागचा_डीएम

ते तू रविवारी टेबलावर सांगायचं, सगळ्यांसमोर, मी विचारीन तेव्हा. आणि येताना स्वतःचे फासे आण, मागच्या वेळी माझा एक डी८ तुझ्या पिशवीत गेलाय.